पोच आलेल्या फेरीच्या पायावरच पुढची फेरी: वेगळ्या नेटवर्कमध्ये गिट रेपो नेण्याची पद्धत

नाशिकच्या अंबडमधल्या तुमच्या टीमचा प्रश्न थोडक्यात असा. सबस्टेशनच्या पॅनेलचं फर्मवेअर (यंत्राच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) ऑफिसात गिटलॅबवर, म्हणजे कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटच्या सर्व्हरवर आहे. चाचणीची लॅब ग्राहकाच्या अटीमुळे पूर्ण वेगळ्या नेटवर्कवर आहे. तिथे इंटरनेट नाही, ऑफिसच्या लॅनशी वायर नाही, आत फक्त एक गिटी सर्व्हर आहे, तोही गिटचाच. दर शुक्रवारी एक जण रेपोचा (कोड आणि त्याचा इतिहास यांच्या साठ्याचा) अख्खा फोल्डर झिप करतो, पेनड्राइव्हवर आत नेतो, उघडतो आणि तिथून गिटीवर 'पुश --मिरर' मारतो, म्हणजे सगळं सर्व्हरवर ढकलतो. यात अर्धा दिवस जातो, आणि गेल्या शुक्रवारी लॅबमधल्या मुलांच्या तीन ब्रँच (कामाच्या वेगळ्या शाखा) गिटीवरून नाहीशा झाल्या. तुम्ही विचारलंय की हे नीट कसं करावं.

आधी त्या तीन ब्रँचचं बघा, कारण तिथे वेळ महत्त्वाचा आहे. ब्रँच पुसली म्हणजे कमिट (नोंदवलेले बदल) लगेच पुसले जात नाहीत, त्यांच्याकडे बोट दाखवणारं नाव तेवढं गेलेलं असतं. पण गिटची साफसफाई चालली की कुणाच्याच बोटाखाली नसलेले, दोन आठवड्यांपेक्षा जुने ऑब्जेक्ट कायमचे जातात. म्हणून आजच गिटीमधलं ठरलेल्या वेळी चालणारं 'जीसी', म्हणजे हीच साफसफाई, बंद करा, आणि सर्व्हरवरच्या त्या रेपोच्या फोल्डरची एक प्रत बाजूला काढून ठेवा. मग ज्यांच्या ब्रँच होत्या त्यांच्या मशीनवर बघा. बहुतेक वेळा स्थानिक ब्रँच तिथे जशीच्या तशी असते आणि पुन्हा पुश केली की काम संपतं. तिथे नसेल तर काढून ठेवलेल्या प्रतीत 'गिट एफएससीके --अनरीचेबल' ही तपासणीची कमांड चालवा. लोंबकळणाऱ्या कमिटची यादी मिळेल, त्यातून तारीख आणि संदेश बघून हवा तो कमिट ओळखा आणि त्यावर नवी ब्रँच बसवा. गिटीच्या ॲक्टिव्हिटी पानावर जुन्या पुशचे हॅश (कमिटचे ओळखक्रमांक) दिसतात, त्यांचीही मदत होते.

(कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे. टाइप करताना त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.)

आता हे घडलं का? 'पुश --मिरर' मध्ये बिघाड नाही, ते सांगितलेलं काम चोख करतं. तुमच्याकडे जे रेफ (ब्रँच, टॅग अशी कमिटकडे बोट दाखवणारी नावं) आहेत नेमके तेवढेच समोर असावेत, कमी नाही आणि जास्त नाही, असा त्याचा अर्थ. समोर जे जास्तीचं सापडेल ते ते पुसतं. लॅबमधल्या मुलांनी त्याच रेपोत आपल्या ब्रँच काढल्या होत्या, आणि बाहेरून आलेल्या झिपमध्ये त्या असण्याचं कारणच नव्हतं. एका रेपोचे दोन मालक झाले की हे आज ना उद्या होणारच. म्हणून पहिला नियम: आत बाहेरच्या कोडची प्रत ज्या रेपोत येते, त्यात आतल्या कुणालाही लिहिण्याची परवानगी नसावी. गिटीमध्ये तिच्यासाठी वेगळी ऑर्गनायझेशन करा. लॅबमधल्या लोकांनी त्या प्रतीचा फोर्क (स्वतःची वेगळी प्रत) घ्यावा आणि आपल्या ब्रँच तिथे ठेवाव्यात. प्रतीवर मिरर पुश बिनधास्त चालू द्या, फोर्कला ते कधी शिवणार नाही.

झिपबद्दल मला जरा आग्रहाने बोलायचं आहे, कारण सातपूर-अंबडच्या पट्ट्यात मी जिथे जातो तिथे हीच पद्धत दिसते. ओझरला विमान कारखाना, नाशिकरोडला नोटा आणि मुद्रांकांचे छापखाने, देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र, आणि मध्ये रिले, स्विचगिअर, पॅनेल बनवणाऱ्यांची रांग असलेलं हे शहर. इथल्या लहान पुरवठादारालाही कधीतरी करारात 'स्वतंत्र नेटवर्क' हे कलम भेटतं. मग घाईघाईत एक खोली वेगळी केली जाते, पेनड्राइव्हला परवानगी मिळते आणि फोल्डरची झिप सुरू होते. पण रेपोच्या फोल्डरमध्ये कोड आणि इतिहास यांशिवाय बरंच काही असतं. कॉन्फिग (सेटिंगची) फाइल असते, आणि तिच्यात रिमोटच्या, म्हणजे समोरच्या सर्व्हरच्या, पत्त्यातच गिटलॅबचा टोकन (पासवर्डसारखी किल्ली) चिकटवलेला अनेकदा सापडतो. तो टोकन दर शुक्रवारी पेनड्राइव्हवरून फिरतो. हुक असतात, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणारे प्रोग्राम. कॉन्फिगमध्ये अशा सेटिंग आहेत की नुसतं 'गिट स्टेटस' म्हटलं तरी त्यात लिहिलेला प्रोग्राम चालतो. म्हणजे बाहेरच्या मशीनवर कुणी शिरलं असेल, तर तुम्ही स्वतःच्या हाताने त्याचा प्रोग्राम लॅबच्या आत नेऊन चालवता. गिटच्या स्वतःच्या माहितीपत्रातही सांगितलेलं आहे की अविश्वासू ठिकाणाहून आलेल्या रेपो फोल्डरमध्ये थेट कमांड चालवू नये. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या २.३५.२ आवृत्तीपासून तर फोल्डरचा मालक दुसराच असेल तर गिट काम करायलाच नकार देतं. तो नकार आला की लोक इंटरनेटवर शोधून सगळ्या फोल्डरांना 'सेफ' ठरवणारी ओळ कॉन्फिगमध्ये टाकतात. ती टाकू नका. तो नकार तुमच्या भल्यासाठी आहे.

यासाठी गिटमध्ये मुळातच एक सोय आहे, बंडल. गिट २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलं, आणि बंडल २००७ पासून त्यात आहे. बंडल ही एकच फाइल असते. तिच्या सुरुवातीला साध्या मजकुरात लिहिलेलं असतं: ही गिट बंडल फाइल आहे, ती उघडायला तुमच्याकडे आधी हे हे कमिट असायला हवेत, आणि हिच्यात या या ब्रँच आणि टॅग आहेत. त्यानंतर ऑब्जेक्टचा दाबून भरलेला पॅक. कॉन्फिग नाही, हुक नाहीत, टोकन नाही, फाइलच्या मालकीची भानगड नाही. एकाच फाइलचा मामला असल्यामुळे पेनड्राइव्ह फॅट ३२ असो की एक्सफॅट, कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा घोळ किंवा सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे नेणारे दुवे) तुटण्याचा प्रश्न येत नाही. आतल्या एखाद्या जुन्या सेंटओएस ७ मशीनवर त्याच्यासोबत आलेलं गिट १.८.३.१ असलं तरी नेहमीच्या रेपोचं बंडल तिथे उघडतं.

बाहेरच्या बाजूला फक्त या कामासाठी एक मशीन ठेवा. कुणाचा रोजचा लॅपटॉप नको. त्यावर रेपोचं बेअर क्लोन, म्हणजे फाइली न उघडता फक्त इतिहासाची प्रत, करा. इथे बहुतेक लेख 'क्लोन --मिरर' सांगतात. मी ते टाळतो. मिरर क्लोन सगळेच रेफ ओढतं, त्यात गिटलॅबचे मर्ज रिक्वेस्टचे (बदल सामील करण्याच्या विनंत्यांचे) अंतर्गत रेफही येतात, आणि 'प्रून' लावून अपडेट केलं की रिमोटकडे नसलेला तुमचा कोणताही स्वतःचा रेफ ते पुसतं. पुढे जे स्वतःचे रेफ आपण ठेवणार आहोत, ते त्यात दर आठवड्याला उडतील. त्यामुळे साधं 'क्लोन --बेअर' करा आणि फेचसाठी, म्हणजे नवीन ते ओढून घेण्यासाठी, दोनच रेफस्पेक (काय कुठे आणायचं त्या ओळी) हाताने लिहा: हेड्स (म्हणजे ब्रँच) ते हेड्स, टॅग्स ते टॅग्स, दोन्हींच्या पुढे अधिक चिन्ह. अधिक चिन्हामुळे बाहेर कुणी फोर्स पुश (आधीचा इतिहास बदलणारा पुश) केलं असेल तरी ते स्वीकारलं जातं. प्रून मग या दोन खोल्यांपुरतंच चालतं. आणखी एक काळजी घ्या, हे क्लोन 'डेप्थ' लावून अर्धवट इतिहासाचं करू नका.

पहिल्या फेरीला सगळं न्यायचं:

गिट बंडल क्रिएट फेरी-१.बंडल हेड --ब्रँचेस --टॅग्स

यातला 'हेड' विसरला तर आत क्लोन करताना गिटला कोणती ब्रँच उघडावी हे कळत नाही, आणि रिकामा फोल्डर पाहून माणूस घाबरतो.

दुसऱ्या फेरीपासून फक्त नवीन भाग न्यायचा, आणि या सगळ्या कामाचं मर्म इथे आहे. नवीन म्हणजे कधीपासूनचं? बरेच जण '--सिन्स' लावून गेल्या दहा दिवसांचे कमिट घेतात. ते घड्याळावर चालतं, आणि कमिटची तारीख म्हणजे ज्या मशीनवर कमिट झाला तिचं घड्याळ. कुणाच्या लॅपटॉपचं घड्याळ मागे असेल, किंवा कुणी तीन आठवडे स्वतःकडे ठेवलेले कमिट आज पुश केले असतील, तर दहा दिवसांच्या जाळीतून ते निसटतात. निसटलेलं लक्षात कधी येतं? पुढचं बंडल आत उघडायला नकार देतं तेव्हा. तोवर आठवडा गेलेला असतो.

दुसरा मार्ग म्हणजे 'मागच्या वेळी जे पाठवलं त्याच्या पुढचं'. हा बरा वाटतो, पण त्यात एक गृहीत लपलेलं आहे: पाठवलेलं पोचलं. जोडलेल्या नेटवर्कवर गिट दोन्ही बाजूंना विचारून घेतं, तुझ्याकडे काय आहे, माझ्याकडे काय आहे. वेगळ्या नेटवर्कमध्ये हा संवाद तुटलेला असतो. पेनड्राइव्ह स्कॅनिंगच्या मशीनवर अडकली, फाइल अर्धी उतरली, आतला माणूस रजेवर होता, काहीही झालेलं असू शकतं आणि बाहेरच्या स्क्रिप्टला त्याचा पत्ता नसतो. ती आनंदाने पुढचा भाग बनवते, जो आत कधीच उघडणार नाही. म्हणून पाया धरायचा तो पाठवलेल्याचा नव्हे, पोच मिळालेल्या शेवटच्या फेरीचा.

त्यासाठी प्रत्येक फेरीला क्रमांक द्या. बंडल बनवण्याआधी फेच करा, आणि त्या क्षणीच्या सगळ्या ब्रँच-टॅगची नोंद 'रेफ्स/फेरी/४२/' अशा स्वतःच्या खोलीत करून ठेवा. समजा चाळिसाव्या फेरीची पोच आली आहे, एक्केचाळिसाव्याची अजून नाही. मग बेचाळिसावं बंडल असं बनतं:

गिट बंडल क्रिएट फेरी-४२.बंडल हेड --ब्रँचेस --टॅग्स --नॉट --ग्लोब=रेफ्स/फेरी/४०/*

एक्केचाळिसावं बंडल आत पोचलं असेल तर काही ऑब्जेक्ट दुसऱ्यांदा जातील. त्याने काहीही बिघडत नाही, असलेला ऑब्जेक्ट पुन्हा आला तर गिट तो शांतपणे सोडून देतं. पोचलं नसेल तर हे बंडल त्याचीही भर काढतं. जास्तीचं नेण्याने थोडी जागा जाते, कमी नेण्याने आठवडा जातो.

या रेफचा दुसराही उपयोग आहे. बाहेर कुणी फोर्स पुश करून इतिहास बदलला, तर जुने कमिट अनाथ होतात आणि साफसफाईत जाऊ शकतात. बंडलला 'हे कमिट समोर आहेत' असं म्हणायचं तर ते दोन्हीकडे जिवंत असावे लागतात. फेरीच्या रेफमुळे ते जिवंत राहतात. आतही हेच रेफ याच नावांनी ठेवा. शेवटच्या पाच-सहा पोचलेल्या फेऱ्या ठेवल्या की पुरे, जुन्या पुसत चला.

आता पोच बाहेर कशी येणार? अनेक लॅबमध्ये आत जाणाऱ्या माध्यमाला परवानगी असते, बाहेर येणाऱ्याला अजिबात नसते, आणि ते योग्यच आहे. पण विचार करा, बाहेर यायला हवं आहे ते काय? त्या फेरीत काय होतं ते बाहेरच्या मशीनला आधीच ठाऊक आहे. तिला फक्त एवढंच कळायचं आहे की बेचाळिसावी फेरी आत पूर्ण उतरली. म्हणजे एक आकडा. गेटवरच्या आवक-जावक रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवा: फेरी क्रमांक, उतरल्याची तारीख, आतल्या माणसाची सही. तो रकाना पाहून बाहेरच्याने आपल्या मशीनवर आकडा टाकायचा. कोणताही सुरक्षा अधिकारी याला नाही म्हणालेला मी पाहिलेला नाही. आकडाही बाहेर येऊ शकत नसेल, किंवा मध्ये एकाच दिशेने वाहणारा डेटा डायोड बसवलेला असेल, तर तीन-चार फेऱ्या मागचा पाया धरा आणि महिन्यातून एकदा पूर्ण बंडल पाठवा.

एवढ्यावर थांबलात तरी आतली प्रत हळूहळू मूळ रेपोपासून दूर जाते, आणि हे फार थोड्या लोकांच्या लक्षात येतं. बाहेर ब्रँच पुसली गेली ही बातमी बंडलमध्ये जात नाही, त्यात असलेल्या गोष्टींची नावं असतात, गेलेल्यांची नसतात. तसंच बाहेर कुणी जुन्याच कमिटवर साधा टॅग लावला किंवा नवी ब्रँच काढली, तर तो कमिट 'समोर आहे' या यादीत असल्यामुळे गिट त्याचं नाव बंडलमधून गाळतं. फक्त एक इशारा छापतं, जो स्क्रिप्टच्या आउटपुटमध्ये कुणी वाचत नाही. फर्मवेअरमध्ये हे नेहमी घडतं: चाचणी पास झाली की महिन्यापूर्वीच्या कमिटला रिलीजचा टॅग लागतो, आणि नेमका तो टॅग लॅबमध्ये पोचत नाही. यावर कुणी आतल्या फेचला 'प्रून' लावायला जातं. ते तर मुळीच करू नका. अंशतः बंडलमध्ये ज्या ब्रँच या आठवड्यात हलल्या नाहीत त्यांची नावंच नसतात, त्यामुळे प्रून त्या सगळ्या पुसून टाकेल.

उपाय सोपा आहे. बंडलसोबत एक यादी पाठवा. 'गिट फॉर-ईच-रेफ' ला सांगून हेड्स आणि टॅग्सच्या प्रत्येक रेफचा हॅश आणि नाव एका ओळीत, अशी साधी मजकूर फाइल करा. आत बंडल फेच झालं की स्क्रिप्टने यादी वाचायची: यादीत आहे आणि आत नाही, तो रेफ 'अपडेट-रेफ' ने तयार करायचा, कारण ऑब्जेक्ट तर आत आलेलेच आहेत, आत आहे आणि यादीत नाही, तो काढायचा. मग आत तीच कमांड चालवून निघालेली यादी आणि बाहेरून आलेली यादी यांचा 'डिफ' घ्यायचा. डिफ रिकामा असेल तरच फेरी उतरली असं म्हणायचं. ही तपासणी दिसते त्यापेक्षा खूप भक्कम आहे. प्रत्येक कमिटचा हॅश त्याच्या मजकुरावरून आणि आधीच्या कमिटच्या हॅशवरून बनतो, त्यामुळे टोकाचे हॅश जुळले आणि एफएससीके स्वच्छ आलं की मागचा सगळा इतिहास जुळला. एकेक फाइल ताडून बघायची गरज राहत नाही.

कधी कधी आठवड्यात नवीन कमिटच नसतो. तेव्हा गिट रिकामं बंडल करायला नकार देतं आणि स्क्रिप्ट लाल होऊन थांबते. ती स्थिती वेगळी ओळखा आणि यादी तेवढी पाठवा, कारण ब्रँच पुसल्याची किंवा टॅग लागल्याची बातमी तरीही असू शकते.

आतल्या बाजूचा क्रम मी असा ठेवतो. गिटीच्या आधी एक वेगळं मशीन, त्याला आपण आवक म्हणू. तिथे बंडल, यादी, दोन्हींच्या एसएचए-२५६ बेरजा (फाइलीच्या मजकुरावरून काढलेले आकडे) आणि त्या बेरजांच्या फाइलवर बाहेरच्या मशीनची जीपीजी (डिजिटल) सही असं सगळं उतरतं. बेरीज फक्त प्रवासात फाइल खराब झाली का ते सांगते. मध्येच कुणी मुद्दाम फाइल बदलली तर तो माणूस बेरीजही बदलून ठेवेल, म्हणून सही हवी. सहीची सार्वजनिक किल्ली पहिल्या दिवशी हाताने आत नेऊन ठेवा, दर फेरीच्या माध्यमावरून ती कधीही घेऊ नका. सही जुळली की 'गिट बंडल व्हेरिफाय'. ही कमांड आवकच्या रेपोत चालवायची, कारण लागणारे कमिट समोर आहेत का हे ती जिथे चालते तिथलं बघते. बाहेर चालवून 'ओके' आलं म्हणून निर्धास्त राहणारे बरेच आहेत; बाहेर ते ओके येणारच. मग फेच, यादी, डिफ, 'गिट एफएससीके --फुल', फेरीचे रेफ, आणि शेवटी आवककडून गिटीच्या त्या बंद ऑर्गनायझेशनकडे पुश. बाहेर मुख्य ब्रँचचं नाव मास्टरचं मेन झालं असेल तर आतलं हेड आपोआप वळत नाही, ते 'सिम्बॉलिक-रेफ' ने एकदा हाताने वळवा.

तुमच्याकडे पीसीबीच्या फाइली आणि बिल्ड केलेल्या इमेज एलएफएसमध्ये (गिटच्या मोठ्या फाइलींच्या वेगळ्या साठ्यात) आहेत असं प्रश्नावरून दिसतं. बंडलमध्ये एलएफएसच्या खऱ्या फाइली येत नाहीत, तीन ओळींची चिठ्ठी येते. आत सगळं हिरवं दिसतं आणि चेकआउट केलं, म्हणजे फाइली बाहेर काढल्या, की दोन जीबीच्या इमेजच्या जागी सुमारे एकशे तीस बाइटची फाइल निघते. बाहेर 'गिट एलएफएस फेच --ऑल' करा. या फाइली 'एलएफएस/ऑब्जेक्ट्स' फोल्डरमध्ये स्वतःच्या एसएचए-२५६ च्या नावानेच ठेवलेल्या असतात, त्यामुळे मागच्या पोचलेल्या फेरीनंतर आलेल्या तेवढ्या उचलून नेणं सोपं आहे. आत त्या त्याच जागी ठेवून 'गिट एलएफएस पुश --ऑल'. सबमॉड्यूल म्हणजे तर स्वतंत्र रेपोच. प्रत्येकाचं वेगळं बंडल, वेगळी यादी, आणि आत नेताना आधी सबमॉड्यूल, मग मुख्य रेपो. त्यांचे पत्ते बाहेरच्या गिटलॅबचे असतात, ते कोडमध्ये बदलत बसू नका. आतल्या मशीनवर 'इन्स्टेडऑफ' सेटिंग लावली की गिट तो पत्ता वाचून गिटीकडे जातं. बिल्डला लागणारी पॅकेजं, डॉकर इमेज यांची फेरी वेगळी ठेवा. गिटच्या फेरीत त्यांना कोंबलं की दोन्ही उशिरा पोचतात.

माध्यमाबद्दल. लहान बंडलसाठी मला आजही डीव्हीडी-आर आवडते. ४.७ जीबीत आठवड्याचा नवीन भाग आरामात मावतो, एकदा लिहिली की बदलत नाही, आतल्या मशीनला तिच्यावर उलट काही लिहिता येत नाही, आणि तारीख टाकून कपाटात ठेवली की दप्तर तयार. पेनड्राइव्ह वापरायचीच असेल तर या कामापुरती वेगळी, क्रमांक घातलेली ठेवा. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रामने इराणमधल्या नतांझच्या अणुकेंद्रातल्या वेगळ्या ठेवलेल्या यंत्रणेपर्यंत जो रस्ता धरला, त्यात यूएसबी ड्राइव्हचा वाटा मोठा होता. आयकॉन नुसता दिसला तरी विंडोज फसत होतं. म्हणून आवकचं मशीन लिनक्सवर ठेवा आणि त्यावर ऑटोमाउंट बंद करा. पहिलं पूर्ण बंडल चार जीबीच्या वर गेलं तर फॅट ३२ ते घेणार नाही, एक्सफॅट करा किंवा 'स्प्लिट' ने तुकडे करा आणि बेरीज जोडलेल्या फाइलची घ्या.

अँटीव्हायरसने बंडल स्कॅन करून 'स्वच्छ' म्हटलं याचा अर्थ फार थोडा आहे. पॅक दाबलेला असतो, त्यातल्या बऱ्याच फाइली दुसऱ्या फाइलीतल्या फरकाच्या रूपात असतात, स्कॅनरला आतलं काही दिसत नाही. खरी तपासणी आवकवर चेकआउट करून त्या फाइलींवर करा. आणि तीही अपुरी आहे, हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइली दाबण्याच्या ओपन सोर्स साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा सापडला, तेव्हा त्याचा मुख्य भाग रेपोमध्येच चाचणीच्या फाइली म्हणून बसवलेला होता, आणि त्याला जागं करणारा बिल्डचा तुकडा फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (वाटपासाठी बांधलेल्या गाठोड्यात) होता. सही खरी होती, बेरीज जुळत होती. असा कोड तुम्ही काळजीपूर्वक, नियमाप्रमाणे, रजिस्टरमध्ये नोंद करून लॅबच्या आत नेला असता. त्यामुळे बाहेरच्या ओपन सोर्स रेपोच्या प्रती आत नेताना प्रत्येक ब्रँच नेण्याचा हट्ट धरू नका. ज्या टॅगचं परीक्षण झालं आहे तेवढेच न्या. तुमच्या स्वतःच्या कोडसाठी बाहेरच्या गिटलॅबवर मुख्य ब्रँच संरक्षित करा, दुसऱ्या माणसाने वाचल्याशिवाय मर्ज नको. दाराची कडी कितीही चांगली असली तरी आत काय येतंय हे ठरतं ते बाहेरच्या मर्जच्या वेळी.

लॅबमधली दुरुस्ती बाहेर आणायची असेल तेव्हा मी बंडलऐवजी 'फॉरमॅट-पॅच' सुचवतो. पॅच हा साधा मजकूर आहे. सुरक्षा अधिकाऱ्याला तो छापून वाचता येतो, आयपी पत्ता किंवा ग्राहकाच्या फीडरचं नाव कुठे राहिलंय का ते दिसतं, आणि तो मोकळ्या मनाने सही करतो. याची किंमत एकच: बाहेर 'गिट एएम' ने तो लावला की कमिटचा हॅश बदलतो. तीच दुरुस्ती पुढच्या फेरीत नव्या हॅशने आत परत येते, तेव्हा लॅबमधल्या माणसाने आपली जुनी ब्रँच नव्या मेनवर रिबेस करायची, म्हणजे तिच्यापुढे पुन्हा बसवायची. रिबेस करताना गिट सारखा बदल ओळखून बहुतेक वेळा स्वतःच गाळतं. हे आतल्या टीमला आधी समजावून ठेवा, नाहीतर 'माझे कमिट दोनदा दिसतात' अशी तक्रार येत राहील.

दप्तर किती दिवस ठेवायचं? भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांमध्ये सिस्टिमचे लॉग १८० दिवस जपून ठेवायला आणि सायबर घटना सहा तासांच्या आत कळवायला सांगितलं आहे. फेऱ्यांच्या याद्या, सह्या आणि आवक मशीनचे लॉग किमान तेवढे ठेवा. याद्या तर काही किलोबाइटच्याच असतात, मी त्या कधी पुसत नाही. एखाद्या रिलेवर कोणत्या दिवशी कोणता कोड गेला हे दोन वर्षांनी विचारलं जातं, तेव्हा उत्तर त्या याद्यांतच सापडतं.

येत्या शुक्रवारी सुरुवात अशी करा. झिप बंद. दोन्ही बाजूंना 'फॉर-ईच-रेफ' ची यादी काढा. आतली यादी बाहेर नेता येत नसेल तर बाहेरची आत आणून तिथे ताडा. फरक निघेल तो तीन प्रकारचा असेल: आतल्या मुलांच्या ब्रँच, बाहेर पुसलेल्या पण आत राहिलेल्या ब्रँच, आणि एकाच नावाच्या पण वेगळ्या हॅशच्या ब्रँच. पहिल्या फोर्कमध्ये हलवा, दुसऱ्या आतल्या टीमला विचारून मगच काढा. तिसरा प्रकार सापडला तर ती ब्रँच आत 'जुनी' असं नाव देऊन बाजूला ठेवा आणि तिच्यात आतल्या कुणाचं काम आहे का ते 'गिट लॉग' मध्ये लेखकाचं नाव बघून ठरवा. हे सगळं निस्तरल्यावरच पूर्ण बंडलने पहिली फेरी उतरवा. डिफ रिकामा आला की रजिस्टरमध्ये एकचा आकडा आणि सही. दुसरी फेरी त्यानंतर, आणि ती करायला तुमच्याऐवजी टीममधला दुसरा माणूस बसवा, तुम्ही शेजारी खुर्ची घेऊन फक्त बघा. तो कुठे अडला ते लिहून घ्या आणि स्क्रिप्टमध्ये तेवढी दुरुस्ती करा.